हात मागे, ओळीत चला!

फर्स्ट इयरला ईडीच्या शीट्स आपण कशा पूर्ण करतो हे या अंकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. दोन खुर्च्या, त्यांवर आडवी टाकलेली खिडकीची काच, काचेखाली टेबललॅम्प, वर टॉपरची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. जीटी झिंदाबाद! एका रात्रीत चार शीट्स मी अशा मारल्या आहेत. (स्टाफपैकी कुणी वाचत असेल तर, सर, मी तेव्हा लहान होतो.) ओरलला एक्स्टर्नल सरांनी माझ्याच शीटवर बोट ठेवून विचारलं, "ही तुटक रेषा इथे का आहे?" मी शीटकडे पाहिलं. रेषा मीच काढलेली, अगदी मापात, एकसारख्या तुकड्यांची. पण त्या क्षणापर्यंत ती मी पाहिलीच नव्हती. आत एक भोक आहे, समोरून ते दिसत नाही, म्हणून रेषा तुटक, एवढं साधं उत्तर मला देता आलं नाही. सरांनी शीट उलटी करून ठेवली आणि "नेक्स्ट" म्हणाले.

हा प्रसंग मी विसरलो होतो. गेल्या वर्षी एनएसएसच्या कॅम्पमध्ये तो आठवला, आणि तोही एका संग्रहालयात. म्हणून हा लेख.

त्याआधी शाळेची एक गोष्ट. आम्ही सातवीत असताना आमची सहल जिल्ह्याच्या गावच्या संग्रहालयात गेली होती. दाराशीच सरांनी आवाज दिला, "हात मागे, ओळीत चला, कुणी कशाला हात लावायचा नाही!" आम्ही हात मागे बांधून, पुढच्याच्या मानेकडे बघत एका दारातून आत शिरलो आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडलो. पंधरा मिनिटं लागली असतील. आत चित्रं होती, मूर्ती होत्या, तलवारी होत्या. मला आज विचाराल तर आठवतो तो बाहेरच्या गाडीवरचा काला खट्टा गोळा. गंमत म्हणजे 'आमची सहल' हा निबंध आम्ही सहलीच्या आदल्या आठवड्यातच फळ्यावरून उतरवून घेतला होता. त्यात "तेथील कलाकृती पाहून आमचे डोळे दिपून गेले" असं एक वाक्य होतं. मला त्या निबंधाला दहापैकी आठ मिळाले. म्हणजे जीटीची सवय आपल्याला होस्टेलला लागत नाही, ती घेऊनच आपण इथे येतो.

आता कॅम्प. गावच्या जिल्हा परिषद शाळेतली सातवीची चौतीस मुलं, त्यांचे गुरुजी आणि आम्ही सहा व्हॉलंटियर्स असे एसटीने संग्रहालय बघायला गेलो. आमच्यातला मी त्यातल्या त्यात बडबड्या, म्हणून मला गाइड केलं. मी काय केलं असेल? अहो, तेच! दाराशी उभा राहून ओरडलो, "हात लावायचा नाही, ओळीत चला." मग प्रत्येक काचेपुढे उभं राहून लेबल वाचायला लागलो. लेबल इंग्रजीत, अक्षर बारीक. मी त्याचं तोडकंमोडकं मराठी करून सांगणार, मुलं "हूं" म्हणणार, पुढे सरकणार. दुसऱ्या दालनापर्यंत निम्मी पोरं खिडकीबाहेरची माकडं बघत होती. त्यांची काहीच चूक नव्हती. माकडं लेबलपेक्षा बरी होती.

तिसऱ्या दालनात भिंतीला टेकून एक वीरगळ उभा होता. ज्यांनी वीरगळ पाहिला नसेल (खरं तर सगळ्यांनी पाहिलेला असतो, नाव माहीत नसतं) त्यांच्यासाठी सांगतो. लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला हा दगड. त्यावर एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर कोरलेलं नसतं, जे काय आहे ते चित्रातच. या दगडाखाली लेबलच नव्हतं, निदान मला सापडलं नाही. माझा घसा बसला होता. मी दगडापुढे फतकल मारून बसलो आणि निव्वळ कंटाळून विचारलं, "काय चाललंय रे ह्यात?"

"भांडान चाललंय," पुढचा एक जण म्हणाला.

"कशावरून?"

"तलवारी हायत की हातात."

मागून एक बारीकशी मुलगी, जी सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती, ती म्हणाली, "गाईवरनं भांडान हाय."

"कशावरून म्हणतेस?"

"खाली बघा की, गाई हायत. चोर आल्यात, आन् ह्यो सोडवाय गेलाय."

"आन् मेला," तिसरा.

"झोपला बी आसंल."

"लढाईत कोण झोपतंय रं!"

सगळे हसले, आणि गुरुजीही हसले. मग चौतीसच्या चौतीस पोरं दगडाला चिकटली. आडवा पडलेला आणि वर दोन बायकांच्या मधला माणूस एकच आहे की दोन, यावर दहा मिनिटं वाद झाला. त्याच मुलीने निकाल दिला, "बुचडा बघा, दोघांचा सारखाच हाय. ह्यो त्योच." त्या दोन बायका कोण? एक म्हणाला नर्सा. दुसरा म्हणाला, नर्सा असत्या तर पाय जमिनीला टेकले असते, ह्या उडत्यात. सगळ्यात वर पिंड, त्यापुढे हात जोडून बसलेला तोच बुचडेवाला. त्याच्याही वर चंद्र आणि सूर्य. म्हणजे मेल्यावर देवाकडे पोचला. हे जमल्यावर ती मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, हे खालनं वर वाचायचं आसतंय. तुमी वरनं सुरू केलं व्हतं."

मी परत एकदा एक्स्टर्नलसमोर उभा होतो!

नंतर मी पुस्तकात पाहिलं. वीरगळ खरोखरच खालून वर वाचतात. गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेला वीर, त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, मग शिवपूजा, आणि चंद्रसूर्य असेपर्यंत कीर्ती राहील म्हणून वर चंद्रसूर्य. पोरांनी अप्सरांचं नाव सोडून सगळं स्वतः काढलं होतं. एकाने जाता जाता सांगितलं, "आमच्या मारुतीच्या देवळामागं असला दगड हाय. आमी त्याच्यावर बसतो."

त्या दिवशी मी ठरवून काहीच केलं नव्हतं. पण लायब्ररीत शोधल्यावर कळलं की मी कंटाळून विचारलेल्या प्रश्नांवर जगात एक अख्खी पद्धत उभी आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९८० च्या दशकात फिलिप येनवाइन हे शिक्षण विभागाचे प्रमुख होते. त्यांच्याकडचे गाइड उत्तम बोलायचे, लोक खूश होऊन जायचे. पण लोकांच्या डोक्यात त्यातलं किती उरतं, हे तपासायला त्यांनी अॅबिगेल हाउसेन या मानसशास्त्राच्या अभ्यासक बाईंना बोलावलं. जे निघालं ते फार आनंदाचं नव्हतं. ऐकलेलं बरंचसं दाराबाहेर पडता पडताच गळून जात होतं. मग दोघांनी मिळून भाषण कमी केलं आणि तीन प्रश्न ठेवले. या चित्रात काय चाललंय? तुला असं काय दिसतं की ज्यावरून तू हे म्हणतोस? आणखी काय सापडतं? बस, एवढंच. गाइडने शाबासकी द्यायची नाही, चूकही काढायची नाही. मूल जे बोललं ते दुसऱ्या शब्दांत परत म्हणायचं, चित्रातल्या त्या जागेकडे बोट दाखवायचं आणि पुढच्याकडे वळायचं. ऐकायला फारच सोपं वाटतं ना? करून बघा. उत्तर माहीत असताना तोंड बंद ठेवणं हे सबमिशनच्या आदल्या रात्री झोपण्याइतकं अवघड आहे.

मधला प्रश्न महत्त्वाचा. "कशावरून?" आपण शाळेत 'कारणे द्या' हा प्रश्न दहा वर्षं लिहिला, आणि कारणं गाइडातून पाठ करून लिहिली. दिलेलं विधान दुसऱ्याचं, दिलेलं कारणही दुसऱ्याचं, आपलं फक्त अक्षर. त्या दगडापुढे मुलीने विधान स्वतः केलं आणि कारण बोटाने दाखवलं. माझ्या मते संग्रहालय शाळेला देऊ शकतं ते हेच. तिथे वस्तू समोर उभी असते, तिचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नसतं, आणि खोटं बोललात तर शेजारचा लगेच म्हणतो, "कुठं हाय? दाखव."

आता आमच्याच एका सरांनी कॅम्पच्या रिपोर्टवर जो प्रश्न विचारला तो. "छान झालं. पण याचा त्या मुलांच्या अभ्यासाशी काय संबंध? झाडं लावली असती तर मोजता आली असती." प्रश्न योग्य आहे. इंजिनिअरने मोजायला हवंच. सुदैवाने हे एका ठिकाणी मोजलं गेलंय, आणि मोजण्याची रीत आपल्याला आवडेल अशी आहे.

अमेरिकेत आर्कान्सॉ राज्यात बेंटनव्हिल नावाचं एक लहान शहर आहे. वॉलमार्टचं मुख्य ऑफिस तिथलं. नोव्हेंबर २०११ मध्ये तिथे क्रिस्टल ब्रिजेस हे मोठं कलासंग्रहालय उघडलं. त्या भागात तोवर असं काहीच नव्हतं. शाळांसाठी सहल फुकट, बसचा खर्च आणि जेवणसुद्धा संग्रहालयाकडून. साहजिकच झुंबड उडाली. पहिल्या दोन सेमिस्टरमध्येच ५२५ गटांनी, म्हणजे ३८ हजारांवर मुलांसाठी अर्ज केले. सगळ्यांना घेणं शक्य नव्हतं, म्हणून संशोधकांनी सुचवलं की चिठ्ठ्या टाका. ज्यांची चिठ्ठी निघाली ते आधी गेले, बाकीचे नंतर. झाला की नाही पक्का प्रयोग? दोन सारखे गट, फरक फक्त सहलीचा. १२३ शाळांतली सुमारे ११ हजार मुलं त्यात आली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

सहल काही फार भारी नव्हती. तासभर फेरी, त्यात साधारण पाच चित्रं, गाइड माहिती थोडी देणार आणि मुलांना बोलतं करणार. सगळं मिळून अर्धा दिवससुद्धा नाही. सरासरी तीन आठवड्यांनी मुलांना विचारलं. ईस्टमन जॉन्सन यांचं मेपलच्या झाडाची साखर बनवणाऱ्या लोकांच्या तळाचं एक चित्र तिथे आहे. गुलामांच्या मजुरीतून आलेली उसाची साखर नको म्हणून गुलामगिरीविरोधी लोक ही साखर वापरत, हे ८८ टक्के मुलांना आठवत होतं. थॉमस हार्ट बेंटन यांच्या चित्रात शेतकरी उभं पीक नांगरून टाकतोय. १९३० च्या दशकातल्या मंदीत भाव सावरावेत म्हणून सरकारने पीक मोडायला लावलं होतं, त्याचं ते चित्र. ७९ टक्के मुलांना ते ठाऊक होतं. लक्षात घ्या, या गोष्टींवर परीक्षा असणार नव्हती, कुणी पाठ करा म्हणालं नव्हतं. (उभं पीक नांगरून टाकणं म्हणजे काय ते आपल्याकडच्या कांद्याच्या आणि टोमॅटोच्या पट्ट्यातल्या पोरांना चित्राशिवायही कळेल, ते असो.)

मला जास्त पटला तो दुसरा भाग. मुलांना एक नवंच, आधी न पाहिलेलं चित्र दाखवलं आणि पाच मिनिटांत लिहायला सांगितलं. प्रश्न दोनच. काय चाललंय, आणि कशावरून? तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं की कुठला पेपर सहलीला गेलेल्याचा. गेलेल्या मुलांनी जास्त बारकावे टिपले, कारणं जास्त दिली. फरक किती? सरासरी स्टँडर्ड डेव्हिएशनच्या ९ टक्के. म्हणजे फार नाही, उगाच फुगवून सांगण्यात अर्थ नाही. पण तोच आकडा खेड्यातल्या शाळांसाठी वेगळा काढला तर जवळजवळ एक तृतीयांश स्टँडर्ड डेव्हिएशन! अर्ध्या दिवसाच्या कामाला हा आकडा लहान नाही. ज्यांच्या घरी, गावात, आसपास असं काही नाही, त्यांनाच सगळ्यात जास्त मिळालं. आणखी एक हुशारी त्यांनी केली. सगळ्याच मुलांना घरच्यांसोबत परत येण्यासाठी खुणेची कुपनं दिली आणि कुठल्या गटाची कुपनं परत येतात ते मोजलं. आधी जाऊन आलेली मुलं १८ टक्के जास्त परत आली. म्हणजे आवडलं असं नुसतं लिहून दिलं नाही, आईबापाला ओढत घेऊन आली.

गणिताचे मार्क वाढतात असं यातून कुठेही सिद्ध होत नाही, आणि मी तसा दावा करणार नाही. शिवाय आपल्याकडे फुकट बस आणि जेवण देणारा वॉलमार्टवाला शेठ कुठून आणायचा, हाही प्रश्न आहेच. पण अगदीच काही नाही असंही नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली उलटा विचार केला. मुलं येऊ शकत नसतील तर संग्रहालयच बसमध्ये घालून शाळेच्या दारात न्यायचं. 'म्युझियम ऑन व्हील्स' हे त्या बसचं नाव. पुढे २०१९ मध्ये त्याच आवारात खास मुलांचं संग्रहालयही उघडलं. तिथे निदान "हात मागे" म्हणत नाहीत.

आणि मेकॅनिकलवाल्यांनो, चित्राचा आणि आपला काय संबंध असं म्हणत असाल तर थोडं थांबा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत आले ते इंजिनिअर व्हायला नव्हे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं म्हणून पेंटिंग सोडावं लागलं. पण ड्रॉइंगचा हात आणि नजर कुठे जाणार? व्हीजेटीआयमध्ये ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवू लागले. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंध संस्थानच्या माळावर, आणि जागा देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार! त्याच बाळासाहेबांनी १९३८ मध्ये औंधला संग्रहालय काढलं. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, डोंगरावर, राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत आणि हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पसुद्धा आहे. लोक ज्यासाठी लंडनचं तिकीट काढतात ते एसटीच्या तिकिटात. आमच्या होस्टेलमध्ये सातारा-सांगलीची पन्नास तरी पोरं आहेत. मी विचारत फिरलो. औंधला यमाईच्या दर्शनाला बरेच जण गेलेत, संग्रहालयात दोघं. त्यातला एक पाऊस आला म्हणून आत शिरलेला.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. यंदाच्या एनएसएस कॅम्पच्या कामात झाडं लावा, रस्ता झाडा, हरकत नाही, पण एक दिवस संग्रहालयाला द्या. एसटीचा खर्च गॅदरिंगच्या डीजेपेक्षा बराच कमी आहे, दोन्ही बिलं मी पाहिली आहेत. अख्खं संग्रहालय दाखवायचा हट्ट नको. तीन वस्तू, जास्तीत जास्त चार. आदल्या दिवशी आपल्यातल्या दोघांनी जाऊन त्या निवडून यायच्या, आणि मुलांच्या गावात, शेतात, देवळात ज्याचं काहीतरी नातं आहे अशाच घ्यायच्या. तीस पोरांचे तीन गट पाडायचे, कारण चौतीस जण एका दगडाला चिकटले की मागच्याला फक्त पुढच्याची मान दिसते, हा स्वानुभव. गुरुजींना आधी भेटून सांगायचं की निबंध सहलीनंतर लिहून घ्या, आणि फळ्यावरून नको. माहिती आपण वाचून ठेवायची, पण शेवटपर्यंत खिशातच ठेवायची. मुलांनी विचारलं तरच काढायची.

मागच्या वेळी आम्ही चुकलो तेही सांगतो. त्या मुलांना आम्ही परत भेटलो नाही. कॅम्प संपला, आम्ही पीएलमध्ये घुसलो. देवळामागचा तो दगड, ज्यावर पोरं बसतात, तो बघायला जाऊ असं त्यांना कबूल केलं होतं, ते राहिलं. गुरुजींचा फोन येऊन गेला. मुलं विचारतात, दादा कधी येणार?

येत्या सबमिशननंतरचा पहिला रविवार मी धरला आहे. प्रोग्रॅम ऑफिसर सरांशी बोललोय, त्यांनी "बघू" म्हटलंय, आणि त्यांचं "बघू" म्हणजे साधारण हो असतं. अजून चार जण लागतील. ज्यांना यायचं असेल त्यांनी बी ब्लॉक, रूम ११४ मध्ये रात्री मेसनंतर भेटावं. काच परत खिडकीत बसवली आहे, त्यामुळे शीट घेऊन कुणी येऊ नये.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी